नऊचा खेळ, खालचं तिकीट

आधी खिसे रिकामे करा. मोबाइल, कार्डं, गाडीची किल्ली, पाण्याची बाटली, सगळं घरी राहू द्या. कपडेही बदला. शर्ट मोठ्या कॉलरचा घ्या, वरची दोन बटणं उघडी ठेवा, खाली बेलबॉटम. मागच्या खिशात प्लास्टिकचा कंगवा हवा आणि त्याचं टोक बाहेर दिसायला हवं. वरच्या खिशात दोन-दोन रुपयांच्या तीन-चार नोटा आणि मूठभर चिल्लर. ही चिल्लर चहाला संपवू नका, पुढे लागणार आहे. झालं? आता डोळे मिटा. नाक मात्र उघडं ठेवा, कारण आपल्या आधी तेच पोचणार आहे.

पोचलं. मिरचीचा खकाणा आला ना? लालबाग आलं. मसाल्याच्या गल्लीत यंत्रांनी मिरची कुटणं अजून थांबलेलं नाही. तुम्ही सलग चार शिंका देता आणि शेजारून जाणारी बाई तुमच्याकडे वळूनही पाहत नाही. इथे शिंकणारा माणूस म्हणजे बाहेरचा, एवढंच ती ओळखते. मिरचीच्या मागोमाग भाजलेला सुका बोंबील येतो, मग यंत्राचं तेल, मग खोबरेल, मग गटार, मग कुठल्यातरी खोलीतली उदबत्ती. आणि या सगळ्यात मिसळलेला, सांगता न येणारा एक कोरडा वास. तो कापसाचा. माणसांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर तो बारीक पांढरा बसलेला असतो. गिरणीच्या पहिल्या पाळीचे लोक दुपारी साडेतीनला सुटून, आंघोळ करून, केस चापून बसवून आलेत. तरी कोपऱ्यावरच्या दिव्याखाली नीट पाहिलंत तर एखाद्याच्या मानेवर दोन-चार तंतू चिकटलेले दिसतील.

साल १९८१. रात्रीचे सव्वाआठ. पगार होऊन दोन दिवस झालेत, त्यामुळे रस्त्याच्या अंगात आलंय. आपल्याला नऊचा खेळ गाठायचा आहे. गर्दीच्या मागे चला, वाट विचारायची गरज नाही.

तो बघा, दिसला. थिएटरच्या दर्शनी भिंतीवर दोन मजली मिथुन. हाताने रंगवलेला. जवळ गेलात तर गालावर निळे, कपाळावर जांभळे, हनुवटीवर हिरवे फटकारे दिसतील. चार पावलं मागे या, की तेच रंग एकत्र येऊन जिवंत चेहरा होतो. हातात पिस्तूल, खाली आगीचा डोंब, बाजूला काजल किरण. वर तिरप्या अक्षरांत नाव: 'वारदात'. दोन वर्षांपूर्वीच्या 'सुरक्षा'तला सीबीआयचा गन मास्टर जी-नाइन परत आलाय, आणि या वेळी त्याची गाठ जंबोला नावाच्या खलनायकाशी आहे. जंबोला काय करतो? टोळधाड पाडतो. देशातली उभी पिकं टोळांकडून फस्त करून घ्यायची, असा त्याचा बेत आहे.

हे वाचून तुम्ही हसलात. आत गेल्यावरही हसाल, आणि आतली हजारभर माणसंही हसतील. पण तुमचं हसणं आणि त्यांचं हसणं एक आहे का, ते बघायलाच मी तुम्हाला इथवर आणलंय.

आधी तिकीट. खिडकीसमोर लोखंडी गजांचा एक लांबलचक पिंजरा आहे. रांग त्याच्या आत. पोटाला पुढच्याची पाठ, पाठीला मागच्याचं पोट. घामाने दोन्ही शर्ट एक होतात. तिकिटाचं भोक एवढंसं, की मुठीत पैसे घेऊन हात आत घातला की मूठ उघडायची आतच आणि तिकीट घेऊन बाहेर काढताना मनगट सोलवटायचं. बाहेर एक सडपातळ माणूस ओठ न हलवता पुटपुटत फिरतोय, "दो का चार, दो का चार." हवालदार दिसला की तो पुटपुटणं थांबवून पोस्टर पाहू लागतो. तुमच्यापुढे तीनच माणसं उरलीत. खिडकीची फळी कधीही पडेल. नाही पडली. मिळालं! गुलाबी पातळ कागद, त्यावर शाईचा शिक्का अजून ओला. बोटाला लागला तर पुसू नका.

आता दार उघडतं आणि तुम्ही आत चालत जात नाही, आत ओतले जाता.

अंधार, आणि अंधारात ऊब. मघाच्या सहाच्या खेळाची माणसं निघून गेली, पण त्यांचा श्वास इथेच राहिलाय. भिंतीवरचे पंखे मान हलवत फिरतात आणि गरम हवा या रांगेतून उचलून त्या रांगेत नेऊन ठेवतात. विडीचा धूर छताशी तरंगतोय. खुर्ची लाकडी, बसलात की मागे टकाक् असं वाजते. मांडीखाली काहीतरी चालल्यासारखं वाटेल. ढेकूण आहे, घाबरू नका, मध्यंतरापर्यंत सवय होते. पायाखाली शेंगांची टरफलं कुरकुरतात. मागून कुणीतरी तुमच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही पाय टेकवलेत. वळून रागावू नका. तुमच्या पुढच्याच्या खुर्चीवर तुमचे पाय आपोआप गेलेच आहेत की नाही, ते बघा.

"पावनं, जरा सरका की."

हा तुमचा शेजारी. वय असेल वीस-बावीस. सातारा बाजूचा, चाळीतल्या एका गाळ्यात पंधरा-वीस गाववाल्यांबरोबर राहणारा. गाळ्यात झोपायलाही पाळ्या आहेत. एक उठतो तेव्हा दुसऱ्याची वळकटी पसरते. जेवण खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या हिशेबावर. गिरणीत तो बदली आहे. म्हणजे पाळी सुरू व्हायच्या वेळी गेटवर उभं राहायचं, कायम माणसांपैकी कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत जायचं, नसला तर परत फिरायचं. आज रात्री बारा वाजता त्याला तिसऱ्या पाळीसाठी गेटवर हजर राहायचंय.

"म्हंजी शेवट हुकनार," तो सांगतो. "दोनदा आलो, दोन्ही बारीला पावणेबाराला उठावं लागलं. सहाचं तिकीट गावतच न्हाई."

त्याच्या खिशात दुमडलेलं एक छोटं पुस्तक आहे. गुरुनाथ नाईकांची रहस्यकथा, भाड्याच्या वाचनालयातून आणलेली, कव्हर निघून पुठ्ठा लावलेली. कॅप्टन दीप त्याला तोंडपाठ आहे. त्याच्या वडिलांच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड असाच कंदिलाच्या उजेडात वाचलाय. तेव्हा गुप्तहेर म्हणजे काय ते या माणसाला शिकवायला जाऊ नका. जेम्स बाँड त्याला ठाऊक आहे, पण तो रीगल नाहीतर स्टर्लिंगकडे, तिकडे फोर्टात राहतो, इंग्रजीत बोलतो. हा जी-नाइन हिंदीत बोलतो, काळासावळा आहे, खांदे रुंद पण अंग शिडशिडीत, आणि आपल्या नाक्यावरच्या कुठल्याही पोरासारखा दिसतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेल्या या नटाला पहिल्याच 'मृगया'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. इथे त्याची कुणाला पडलेली नाही. तो नाचतो आणि लाथ मारतो, तेवढं पुरे.

दिवे गेले. पहिली शिट्टी. लगेच निराशेचा हुंकार, कारण आधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट दाखवावाच लागतो. धीरगंभीर आवाज कुठल्यातरी प्रगतीबद्दल बोलतोय आणि सबंध थिएटर आपापसात गावाकडच्या पावसापाण्याचं विचारून घेतंय. मग विकोची जाहिरात, तिचं गाणं सगळे बरोबर म्हणतात, तुम्हीसुद्धा म्हणता, शब्द कुठून आठवले कळत नाही. आणि मग सेन्सॉरचं सर्टिफिकेट. एकदम शांतता. हजार डोळे एकाच गोष्टीसाठी कागदाचा खालचा भाग शोधतात: रिळं किती? आकडा चांगला निघाला की टाळ्या. पैसे वसूल होणार की नाही, ते तिथेच कळतं.

आणि सुरू.

टोळ आले बघा. पडद्यावर हिरवंगार शेत आहे आणि आभाळातून ते येतायत. खरं सांगायचं तर ते टोळ काही जिवंत वाटत नाहीत. तुम्ही एकविसाव्या शतकातून आलात, तुमच्या डोळ्यांना लगेच कळलं. पण यांनाही कळलंय! तुमच्याआधी कळलंय. हे लोक शेतावरून आलेत हो. कोकणातून, घाटावरून, खानदेशातून. नाकतोडा यांनी हातात धरलाय, त्याचे पाय मोडलेत, कणसावरून त्याला झटकलाय. मागच्या रांगेतून मालवणी आवाज उठतो, "ह्यो टोळ? मेल्या, ह्येका बघून माझी कोंबडीसुद्धा हसात!" सबंध स्टॉल फुटतो. पलीकडून दुसरा ओरडतो, "आवाज तरी ऐक, आमच्या मागांचा आवाज लावलाय!" आणि खरंच, तो टोळांचा गडगडाट ऐकताना विणाई खात्यात आठ तास उभे राहणारे लोक एकमेकांच्या मांडीवर थापा मारतात.

आता जरा तुमच्या शेजाऱ्याकडे बघा. तो हसतोय, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पण पुढच्याच क्षणी पडद्यावर नासलेलं पीक दिसतं आणि त्याचं हसणं मधेच थांबतं. तोंड उघडंच. दोन सेकंद. मग दातांतून शिवी निघते, आणि ती जंबोलासाठी असते. टोळ खोटा आहे हे त्याला पक्कं माहीत आहे आणि पीक गेल्याचं दुःख खरं आहे हेही पक्कं माहीत आहे. त्याला या दोन्हींत काही विरोध दिसत नाही. मलाही दिसत नाही. दिग्दर्शकाला जमलं नाही तेवढं प्रेक्षक पदरचं घालतोय. पीठ कमी पडलं तर घरचं आणून भाकरी पुरी करावी तसं.

हे दिग्दर्शक म्हणजे रविकांत नगाइच. मूळचे छायालेखक, तेलुगू पौराणिक चित्रपटांतल्या चमत्कारदृश्यांत हात बसलेले. देव प्रकट करायचे, रावणाला दहा तोंडं द्यायची, ही त्यांची विद्या. तीच विद्या घेऊन ते मुंबईत हेरपट करायला आले. १९६७ च्या 'फर्ज'मध्ये त्यांनी जितेंद्रला एजंट ११६ केलं, १९७३ च्या 'कीमत'मध्ये धर्मेंद्रला. आणि मग हा मिथुन. आता जरा तसं बघा. जंबोला कुठून आला हे कळलं ना? तो लंकेतूनच आलाय. त्याचा अड्डा म्हणजे सोन्याची लंका, आणि टोळ म्हणजे मायावी राक्षससेना. इथे बसलेल्या लोकांनी दशावतार रात्र-रात्र जागून पाहिलाय. तिथे राक्षस झाडामागे विडी ओढून आलेला असतो हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, आणि तो गर्जना करत आला की पोरं तरीही आईच्या पदरात शिरतात.

गाणं! सावरून बसा. बप्पी लाहिरींचा ठेका सुरू झालाय. भिंतीतले कर्णे इतके जुने, की ढोलाचा प्रत्येक ठोका फाटून येतो आणि थेट तुमच्या बरगड्यांवर आदळतो. आता उषा उथुप यांचा आवाज. तो भरदार, खालच्या पट्टीतला आवाज या अंधारात उतरतो तेव्हा समोरचा दंगा करणारा पोरगासुद्धा क्षणभर गप्प होतो. मग मिथुन. कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, आणि पुढच्या चार रांगा खुर्च्यांवर उभ्या. आता काढा ती चिल्लर. फेका! पाच पैसे, दहा पैसे, पडद्याच्या दिशेने. आपटून, उडून, खळखळत खाली येतात, आणि लहान पोरं खुर्च्यांखाली सरपटत ती वेचतात. तुमचं नाणं कुठे पडलं ते दिसणार नाही. ते बघायचं नसतंच.

मधेच चित्र मंदावतं. पिवळं, मग तपकिरी. जी-नाइन अंधारात बुडाला. लगेच सगळीकडून, "ए ऑपरेटर! कार्बन!" वर त्या चौकोनी भोकामागे, पत्र्याच्या भट्टीसारख्या खोलीत, एक माणूस बनियनवर उभा आहे. कार्बनच्या दोन कांड्यांच्या टोकांमध्ये पेटणाऱ्या ठिणगीवर हा सगळा सिनेमा चाललाय. कांड्या जळत जातात, अंतर वाढतं, उजेड मंदावतो; त्याने सतत काचेतून बघत त्या सरकवत राहायचं. जरा डुलकी लागली की इथे हजार माणसं त्याच्या नावाने ओरडतात. उजेड परत आला. आता पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बघत राहा. बारीक ठिपका चमकला? दिसला? ती त्याला खूण आहे. दुसऱ्या यंत्रावर जायची वेळ झाली.

आणि आज त्याची गडबड झालीय. रीळ पुढचं-मागचं लागलं असावं, कारण मघाशी दरीत पडून मेलेला गुंड आता खुर्चीत बसून सिगरेट ओढतोय. थिएटरात कुजबुज होते. दोन मतं पडतात. एक म्हणतो, जुळा भाऊ. दुसरा म्हणतो, नाही, हा मुखवटा घातलेला आपलाच माणूस. वाद रंगतो, पैज लागते एका ऑम्लेट-पावाची. रीळ चुकलं असेल अशी शंका मात्र कुणाच्याही मनाला शिवत नाही. हेरपटात मेलेला माणूस परत येणं हे त्यांच्या दृष्टीने अगदी नियमात बसतं.

मध्यंतर.

दिव्यांनी डोळे दिपतात. सगळे एकदम उठतात, आणि मुतारीचा वास दारातून आत येतो तेव्हा आपण बाहेर जायचा बेत रद्द करावा हे उत्तम. समोसे घेऊन पोरगा रांगांमधून वाकून येतोय, टोपलीखाली वर्तमानपत्र तेलाने पारदर्शक झालेलं. गोल्ड स्पॉट, मँगोला, थम्स अप. बाटल्यांवर लोखंडी चावी घासत पोरं कर्रर्र असा आवाज काढतात. त्या आवाजानेच तहान लागते. बाटली तिथेच रिकामी करून परत द्यायची. घ्या एक. शेजाऱ्यालाही द्या, नाही म्हणेल, दुसऱ्यांदा म्हणा.

आता या दहा मिनिटांत मी तुम्हाला एक चोरवाट दाखवतो. पडद्याच्या मागून. चला.

हा स्टुडिओचा फ्लोअर. कुठल्या सिनेमाचं काम चाललंय ते विचारू नका. असे अड्डे रंग बदलून एका सिनेमातून दुसऱ्यात जातात. इथला उकाडा बघा. थिएटरचा उकाडा याच्यापुढे महाबळेश्वर. छताखाली तराफ्यांवर लाइटमन बसलेत, उघड्या अंगाने, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात एक धगधगता दिवा. दिव्यासमोर पतंग आला तर चर्र होऊन खाली पडतो. रंगाचा, फेविकॉलचा, घामाचा आणि धुपाचा वास. धूप कशाला? अड्ड्यात धुकं हवंय. एक माणूस निखाऱ्यांवर भुकटी टाकत, खोकत, सबंध सेटवरून घमेलं फिरवतोय.

हात लावून बघा या दगडी भिंतीला. पोकळ वाजली. लाकडाची चौकट, वर गोणपाट, वर प्लास्टर. तो पोलादी दरवाजा प्लायवूडचा, चंदेरी रंग अजून सुकायचाय, टेकू नका. आणि हे ते जगाचा नाश करणारं यंत्र! जवळून बघा. रेडिओची बटणं, दिवाळीच्या माळेतले दिवे, मोटारीच्या डॅशबोर्डवरची मीटरं. मागे एक पोरगा उकिडवा बसलाय. त्याच्या हातात दोन वायरी. खलनायक कळ दाबेल तेव्हा त्याने या दोन वायरी एकमेकींना टेकवायच्या, की लाल दिवे उघडझाप करतील. सकाळपासून तो तिथे बसलाय. त्याचं नाव श्रेयनामावलीत येणार नाही, पण त्याची वेळ एकदाही चुकलेली नाही.

या कोपऱ्यात टेबलावर दरी आहे. होय, दरी. भुसा, माती, हिरवा रंग लावलेला स्पंज. वीतभर मोटार कड्यावर उभी. कॅमेरा भरधाव फिरवतील, म्हणजे पडद्यावर ती हळूहळू, जड होऊन पडेल. विचार अगदी योग्य आहे. घोटाळा होतो तो आगीत आणि पाण्यात. मोटार लहान करता येते, डोंगर लहान करता येतो, पण ज्वाळेची जीभ आणि पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. ती वीतभर मोटार पेटली की ज्वाळा मोटारीएवढीच दिसते आणि डोळ्याला लगेच समजतं. कारागिरांना हे ठाऊक आहे. ते ज्वाळा बारीक राहावी म्हणून रॉकेल थेंबाथेंबाने टाकतायत, जीव लावून. पण कच्ची फिल्म महाग. एकदा, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा पेटवायला दुसरी मोटार नाही, आणि हिरोची पाळी संपत आलीय. दोन वाजता त्याला दुसऱ्या स्टुडिओत दुसऱ्या सिनेमात गाणं आहे. पैसे वितरकांकडून हप्त्याहप्त्याने येतात, शूटिंग तसंच हप्त्याहप्त्याने होतं. दार उघडताना हिरोचे केस कानापर्यंत असतात, दारातून पलीकडे गेला की मानेपर्यंत. या दोन पावलांच्या मध्ये सात-आठ महिने गेलेले असतात.

म्हणून म्हणतो, या सिनेमांना हसताना कुणी आळशीपणाला हसत असेल तर तो चुकतोय. आळस इथे औषधालाही नाही. दोन वायरी धरून बसलेल्या त्या पोराकडे परत एकदा बघा. चला, घंटा वाजली.

जागेवर या. तुमची खुर्ची तुमच्या शेजाऱ्याने रुमाल टाकून राखलीय.

दुसरा भाग धावतो. जगदीप येतो आणि लोक तो तोंड उघडायच्या आधी हसतात. शक्ती कपूर येतो आणि बायकांच्या रांगेतून बोटं मोडल्याचा आवाज येतो. कल्पना अय्यर नाचते. मारामारीत ठोसा हवेतच राहतो आणि आवाज मात्र नारळ फोडल्यासारखा येतो. थिएटरातली सगळी पोरं तो आवाज तोंडाने पडद्याच्या अर्धा क्षण आधीच काढतात. ढिशुम! ढिशुम! हिरोला संकट आलं की सूचना सुरू: "मागं बघ! अरं मागं!" आणि तो मागे बघतो. दर वेळी बघतो. हजार माणसांनी एकदम सांगितल्यावर कोण बघणार नाही?

घामाने तुमचा शर्ट खुर्चीला चिकटलाय. घसा बसलाय. तुम्ही कधी ओरडायला लागलात ते तुम्हाला आठवत नाही.

शेजारी चुळबुळ करतो. दाराजवळच्या घड्याळाकडे बघतो. पडद्यावर जी-नाइन अड्ड्याच्या दिशेने निघालाय. शेजारी उठतो, परत बसतो, परत उठतो. तुमच्या गुडघ्यांवरून ओलांडताना वाकून कानात सांगतो, "नीट बघून ठेवा. बाहेर ऑम्लेटच्या गाडीपाशी भेटतो, काम न्हाई लागलं तर." आणि वाकूनच, कुणाच्या पडद्याआड न येता, अंधारातून दाराकडे जातो. दार किलकिलं होतं, रस्त्यावरचा पिवळा उजेड आत येतो, जातो.

आता तुमच्यावर जबाबदारी आहे. शेवट नीट बघायचाय. आणि नेमके पुढचे सगळे उभे राहतात. खुर्च्यांवर, खुर्च्यांच्या हातांवर, एक तर दुसऱ्याच्या खांद्यावर. तुम्हाला डोक्यांच्या फटीतून पडद्याचे तुकडे दिसतात: एक बूट, धूर, लाल दिवे, कुणाचा तरी हात. तुम्हीही खुर्चीवर चढता. पंख्याची हवा एकदाची चेहऱ्यावर येते आणि त्याच वेळी कुणाचा तरी रुमाल हवेत उडून तुमच्या डोळ्यांवर. शिट्ट्या, नाणी, एक प्रचंड आवाज. पडद्यावरचा की थिएटरातला, सांगता येत नाही. मग दिवे लागतात.

बाहेर. रात्रीची हवा घामावर लागते आणि अंगावर काटा येतो. रस्त्यावर ऑम्लेटची गाडी, तव्यावर कांदा-मिरची तडतडतेय, रॉकेलचा स्टोव्ह भणभणतोय. पोरं जी-नाइनसारखी चालत बाहेर पडतायत, एक खांदा पुढे टाकून. एकजण मित्रावर बोटांचं पिस्तूल रोखतो. मित्र फुटपाथवर पडून छान मरतो, उठतो, कपडे झटकतो.

आणि भोंगा होतो.

एका गिरणीचा आधी, मग दुसरीचा, मग पलीकडून तिसरीचा, प्रत्येकीचा सूर वेगळा. जमिनीतून निघून पोटात शिरतो तो आवाज. गाडीवरचा माणूस अंडं फोडताना थांबत नाही, पण घड्याळ असलेले सगळे एकदा मनगटाकडे बघून घेतात. बारा. दुसरी पाळी सुटली. गल्ल्यांमधून माणसं यायला लागतात, कापसाने पांढरी, गप्प.

त्यांच्या उलट्या दिशेने नाही, त्यांच्याबरोबरच, तुमचा शेजारी येतोय. आज कुणी गैरहजर नव्हतं.

त्याने ते चेहऱ्यावर दाखवलेलं नाही. गाडीजवळ येऊन तो कोपराने तुम्हाला ढोसतो. "हां, सांगा. अड्ड्यात शिरला, फुडं?"

तुम्ही तोंड उघडता. तुम्ही तर एक बूट आणि थोडा धूर पाहिलाय. पण तो वाट बघतोय. तव्यावरचं ऑम्लेट वाट बघतंय. "तर जी-नाइन आत शिरला," तुम्ही म्हणता, "आणि समोर जंबोला..."

"थांब, थांब, आधी दिवे ग्येले!" मघाचा मालवणी मागून ओरडतो.

"दिवे नंतर गेले, आधी लाथ!" दुसरा.

"टोळ कुठं होतं तवा?" शेजारी विचारतो.

पाच जण गोळा झालेत, मग आठ. प्रत्येकाने वेगळा शेवट पाहिलाय. पैज हरलेल्याने पाव फाडून सगळ्यांना वाटायला घेतलाय. तुमच्या हातात गरम तुकडा येतो, बोटं भाजतात. तुम्ही तो दातांत धरता, दोन्ही हात मोकळे करता आणि पहिल्यापासून सांगायला लागता.